जुनी पत्रे, कायदेपंडित मित्र आणि आजाराचा पुरावा

एखाद्या आजाराची नोंद कुठे कुठे होते? दवाखान्यातील केसपेपरवर, प्रयोगशाळेच्या अहवालात आणि शेवटी कधी कधी मृत्यूच्या दाखल्यावर. या सर्व नोंदी वैद्य, परिचारिका किंवा कारकून यांनी केलेल्या असतात. रुग्णाला काय वाटत होते, रात्र कशी गेली, औषध घेतल्यावर बरे वाटले की वाईट, हे त्यात क्वचितच सापडते. हे सारे रुग्ण लिहितो ते आपल्या विश्वासातल्या माणसाला, खाजगी पत्रात. म्हणूनच वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक जुन्या पत्रांकडे पुरावा म्हणून पाहतात. पण पत्र हा कितपत भरवशाचा पुरावा मानायचा? याचे उत्तर शोधताना कायद्याच्या क्षेत्रातील माणसांची पत्रे विशेष उपयोगी पडतात.

नाशिकला आलेली पत्रे

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याचे नेतृत्व बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते आणि नाशिकमध्ये ती लढाई चालवणाऱ्यांत भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड अग्रभागी होते. गायकवाड स्वतः वकील नव्हते. पण पुढची अनेक वर्षे बाबासाहेबांनी त्यांना मोकळेपणाने पत्रे लिहिली. ती जपली गेली आणि पुढे छापली गेली, म्हणून आज ती अभ्यासता येतात.

१९४८ सालचा विचार करू. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा सादर झाला. त्याच महिन्यांत त्यांचा मधुमेह बळावला होता. पायांच्या वेदनेने रात्रीची झोप उडाल्याचे त्या काळातील त्यांच्या खाजगी पत्रांवरून कळते. त्या वर्षी त्यांनी पुन्हा विवाह करण्याचा आपला निर्णय गायकवाडांना पत्राने कळवला. ढासळलेल्या प्रकृतीची नीट काळजी घेणारे कोणी तरी जवळ हवे, हे त्यामागचे मोठे कारण होते. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पायांची वेदना रात्री वाढते, या तपशिलाला वैद्यकीय अर्थ आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होते. शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू पायांच्या बोटांपर्यंत जातात. त्यांना ही इजा प्रथम जाणवते. आग होणे, मुंग्या येणे, सुया टोचल्यासारखे वाटणे आणि हे सारे रात्री वाढणे, ही या विकाराची ओळखीची लक्षणे आहेत. केसपेपरवर 'मधुमेह' हा एक शब्द असतो. त्या शब्दाने माणसाच्या रात्रीचे काय केले, हे पत्र सांगते.

याच रोगाचे आधीच्या पिढीतील उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. तेही कायद्याचे पदवीधर होते. मंडालेच्या तुरुंगात (१९०८ ते १९१४) असताना त्यांनाही मधुमेह होता. त्यांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले. इन्शुलिनचा शोध १९२१ सालचा आणि ते पहिल्या रुग्णाला दिले गेले जानेवारी १९२२ मध्ये. म्हणजे टिळकांच्या काळात मधुमेहावर मुख्य इलाज होता तो खाण्यापिण्याच्या पथ्याचा. औषध नसताना एखादा रोग कसा वाढत असे, हे आज कोणावर प्रयोग करून पाहता येणार नाही, पाहूही नये. त्यासाठी जुन्या कागदांकडेच वळावे लागते.

पत्राची उलटतपासणी

मात्र पत्रात लिहिले म्हणून ते खरे, असे मानून चालत नाही. न्यायालयात साक्षीदाराला जसे प्रश्न विचारतात, तसेच पत्रालाही विचारावे लागतात. हे एका गाजलेल्या उदाहरणाने पाहू. ते परदेशातले आहे, पण त्यात पत्र लिहिणारा आणि ते मिळणारा, दोघेही वकील आहेत.

अब्राहम लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष होण्यापूर्वी स्प्रिंगफील्ड गावी वकिली करत. जॉन स्टुअर्ट हे त्यांचे मित्र आणि वकिलीतील भागीदार. १८४१ च्या जानेवारीत स्टुअर्ट संसदेचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनमध्ये होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला लिंकन यांचा ठरलेला विवाह मोडला होता. २३ जानेवारीला त्यांनी स्टुअर्टना लिहिले की आपल्याइतका दुःखी माणूस दुसरा नसेल, आणि यातून आपण कधी बरे होऊ की नाही हेही सांगता येत नाही. लिंकन यांना नैराश्याचा विकार होता असे म्हणणारे अभ्यासक या पत्राचा आधार घेतात. आता या पुराव्याला चार प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : हे कधी लिहिले? पत्र त्याच दिवसांतले आहे, ही त्याची मोठी ताकद. लिंकन 'ब्लू मास' नावाच्या पाऱ्याच्या गोळ्या घेत आणि १८६१ साली अध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांनी चिडचिड होते म्हणून त्यांनी त्या सोडल्या, ही माहिती मात्र मित्रांच्या आठवणींतून आली आहे. त्या आठवणी लिंकन यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८६५ नंतर सांगितलेल्या आहेत. आठवण ही वर्षे उलटल्यावर दिलेली साक्ष असते. तिचे वजन कमी.

दुसरा प्रश्न : हे स्वतःचे आहे की ऐकीव? स्वतःच्या दुःखाबद्दल लिंकन लिहितात ती प्रत्यक्ष साक्ष आहे. 'शेजारच्या गावात तापाची साथ आहे' असे कोणी लिहिले तर ती ऐकीव माहिती. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे असा दंडक घातला होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. अभ्यासकालाही तो उपयोगी आहे.

तिसरा प्रश्न : लिहिण्यात काही हेतू होता का? याच आठवड्यातल्या आधीच्या पत्रात लिंकन यांनी आपल्या डॉक्टरांना, अॅन्सन हेन्री यांना, गावच्या पोस्टमास्तरची जागा मिळवून द्यावी अशी स्टुअर्टना गळ घातली होती. हे डॉक्टर जवळ असणे आपल्याला अत्यावश्यक आहे, असे कारण दिले होते. म्हणजे दुःख खोटे होते का? तसे म्हणण्याचे कारण नाही. पण शिफारस करताना माणूस शब्द जरा जोरकस वापरतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

चौथा प्रश्न : याला दुजोरा कशाचा? येथे प्रयोगशाळा मदतीला येते. २००१ साली नॉर्बर्ट हर्शहॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एकोणिसाव्या शतकातील कृतीप्रमाणे पारा, ज्येष्ठमध, गुलाबपाणी, मध इत्यादी खलात घोटून ती गोळी पुन्हा तयार केली आणि तिच्यातून किती पारा शरीरात जाईल हे मोजले. दिवसाला दोनतीन गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात आजच्या सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट पारा जाईल असे दिसले. पाऱ्याच्या विषबाधेने माणूस चिडखोर होतो, झोप उडते, हात कापतात. मित्रांच्या आठवणींना हा भक्कम दुजोरा आहे. पण १८४१ च्या पत्रातील दुःखाचे कारण पारा होते, असे त्यावरून ठरत नाही. त्या पत्रात गोळ्यांचा उल्लेखच नाही. प्रयोगाने 'असे घडू शकते' हे सिद्ध झाले. 'त्या दिवशी तसेच घडले' हे नव्हे. हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवण्यासारखा आहे.

शब्दांचे अर्थ बदलतात

मराठी पत्रे वाचताना आणखी एक अडचण येते. रोगांची जुनी नावे आजच्या अर्थाने घेऊन चालत नाहीत. 'मोडशी' म्हणजे साधे अजीर्णही आणि उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विकारही. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात कॉलऱ्याचे वर्णन याच शब्दाच्या एका रूपाखाली केले आहे. 'प्रमेह' हा आयुर्वेदात वीस प्रकारच्या मूत्रविकारांचा गट आहे आणि मधुमेह हा त्यांतील एक. म्हणून जुन्या पत्रात 'प्रमेहाची व्यथा' असे दिसले की लगेच 'मधुमेह' असे लिहून टाकू नये. वारंवार लघवी, अतितहान, वजन घटणे, जखम न भरणे अशी लक्षणे सोबत आहेत का ते पाहावे. रोगाचे नाव हा लिहिणाऱ्याचा निष्कर्ष असतो. लक्षण हे त्याचे निरीक्षण असते. आपण निरीक्षण घ्यावे.

जे लिहिलेच गेले नाही

१८७८ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे न्यायखात्याच्या नोकरीत नाशिकला आले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख तेव्हा तेथे जॉइंट जज्ज होते. दोघे न्यायाधीश, दोघे सुधारक आणि स्नेही. पण एकाच गावात राहणारे मित्र एकमेकांना प्रकृतीचा हालहवाल पत्राने कशाला कळवतील? ते भेटून बोलतात. पत्र जन्माला येते ते अंतरामुळे. त्यामुळे पत्रसंग्रहात आजाराचा उल्लेख नाही, म्हणजे माणूस निरोगी होता असे ठरत नाही.

ही त्रुटी याहून मोठीही आहे. त्या काळी लिहिता येणारे थोडे, त्यांत स्त्रिया आणखी थोड्या, आणि शेतमजूर, कारागीर, अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील माणसे जवळजवळ नाहीतच. म्हणून एखादा रोग किती जणांना झाला, हे पत्रांवरून काढता येत नाही. त्यासाठी लोकसंख्या आणि नोंदवह्या लागतात. रोग कसा आला, कसा वाढला आणि घराने काय केले, एवढेच पत्रे सांगतात.

शाळेत काय करता येईल?

नाशिकमध्ये १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे आणि १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही आहे. पण खाजगी पत्रांचा मोठा साठा या दोन्ही ठिकाणी नसून घराघरांतल्या ट्रंकांत आणि माळ्यावर आहे. जुना वाडा पाडताना तो रद्दीत जातो किंवा त्याला वाळवी लागते. दवाखान्याच्या कागदाची एखादी प्रत दुसरीकडे असू शकते. पत्राची बहुधा एकच प्रत असते.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घरातील वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पन्नास वर्षांपूर्वीची पत्रे पाहायला सांगावे. आजाराचा उल्लेख असलेल्या प्रत्येक पत्रासाठी पुढील रकाने भरून घ्यावेत : तारीख, गाव, आजारी कोण (फक्त नाते व वय), लक्षणे मूळ शब्दांत, केलेला उपचार, परिणाम, आणि माहिती प्रत्यक्ष की ऐकीव. नाव-आडनाव मुळीच लिहू नये. क्षय, कुष्ठ, मनोविकार यांचे उल्लेख आजही एखाद्या कुटुंबाला लाजिरवाणे वाटू शकतात. घरच्यांनी नको म्हटले तर ते पत्र बाजूला ठेवावे. लिहिणाऱ्याने ते एका माणसासाठी लिहिले होते, वर्गासाठी नव्हे.

तक्ता पूर्ण झाल्यावर शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : यातील कोणती गोष्ट आपल्याला ठामपणे म्हणता येते, आणि कोणती केवळ शक्य आहे? उत्तरांचे दोन वेगळे रकाने करावेत. दुसरा रकाना पहिल्याहून लांब झाला तर विद्यार्थ्यांनी काम नीट केले असे समजावे.