गव्हर्नराच्या नावाची पेठ

मस्तानीच्या इनामामुळे ज्याचा लौकिक झाला, त्या पाबळच्या परिसरातील ग्रामनामांचा शोध घेण्याचा छंद मला फार वर्षांपासून जडलेला आहे. आणि त्यात एक गोष्ट सतत मनात घोळत राहिली, ती ही की, वसईच्या तहानंतर शिरूरास कंपनी सरकारच्या तैनाती फौजेची छावणी पडली, तिच्या आश्रयाने बाजार भरभराटीस आला, तरी त्या वस्तीस एकाही साहेबाचे नाव चिकटले नाही. लोक घोडनदीच म्हणत राहिले. १८०९ साली तेथे निवर्तलेला कर्नल वॉलेस मात्र रयतेच्या लेखी 'सत्पुरुष' ठरला आणि त्याच्या थडग्यापुढे नैवेद्य येऊ लागला.

साहेबाच्या नावाची वस्ती पाहायची तर महाबळेश्वरचा घाट चढावा लागतो. १८२४ साली जनरल लॉडविक तेथे पोहोचला, हे सर्वश्रुत आहे. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारून त्याला सालिना आठ लाखांची नेमणूक ठरवून देणारा जॉन माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्या कारकीर्दीत, १८२९ साली, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी तहनामा होऊन महाबळेश्वरच्या मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव महाराजांस मिळाले. नव्या वसाहतीस 'माल्कमपेठ' हे नाव पडले, तेही महाराजांच्याच संमतीने. डोंगरावर येण्याचा रस्ता महाराजांनी करविला होता. बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या त्या तेथे आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांनी. एका राजाचे औदार्य आणि परदेशी बंदिवानांचे श्रम यांवर उभ्या राहिलेल्या पेठेस नाव तेवढे गव्हर्नराचे!

या औदार्याची फेड कशी झाली? अवघ्या दहा वर्षांनी, १८३९ साली, माल्कमच्याच गादीवर बसलेला गव्हर्नर सर जेम्स कर्नाक साताऱ्यास आला, कंपनीविरुद्ध कारस्थान केल्याचा आरोप मान्य करावा म्हणून त्याने महाराजांस आग्रह केला, आणि न केलेल्या अपराधाच्या कबुलीवर सही करण्यास त्या मानी पुरुषाने साफ नकार देताच त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. महाराजांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनपर्यंत जाऊन दाद मागितली, ती व्यर्थ गेली. १८४७ साली महाराज परमुलखातच वारले. सही नाकारण्याचा तो एक क्षण मला त्यांच्या साऱ्या कारकीर्दीहून थोर वाटतो. कर्नाकचे नाव मात्र मुंबईच्या बंदरास आणि पुलास लाभले, आणि दीर्घकाळ टिकले.

माल्कमपेठेचा न्याय लोकांनी केला. पेठेस सर्रास महाबळेश्वर म्हणण्याचा प्रघात पडला आणि देवाच्या मूळ गावाची ओळख 'क्षेत्र महाबळेश्वर' अशी झाली. कर्नाक पुलाचे नाव सरकारने बदलले. १० जुलै २०२५ रोजी नवा पूल 'सिंदूर पूल' या नावाने खुला झाला. कर्नाकचे नाव पुसले गेले, हे योग्यच झाले. परंतु त्या जागी प्रतापसिंह महाराजांचे नाव आले असते, तर तो न्याय पुरा झाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.