घाट राखणारे आणि घाटाला नाव देणारे

बीडहून धुळ्याला जायचं तर रस्ता एकच. गेवराई, शहागडला गोदावरी, पाचोड, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ आणि मग कन्नड. कन्नडच्या पुढे पठार एकाएकी संपतं आणि गाडी वळणावळणांनी चाळीसगावच्या बाजूला खानदेशात उतरते. दरड कोसळली किंवा वाहतूक तुंबली की वर्तमानपत्रात या जागेचं नाव येतं, औट्रम घाट. लहानपणी मला वाटायचं, हा 'उतार'चाच काहीतरी बिघडलेला शब्द असावा. पुढे कळलं की ते एका माणसाचं नाव आहे. १९८६ साली इथल्या जंगलाचं अभयारण्य झालं, तेव्हा सरकारी दप्तरातही 'गौताळा औट्रमघाट' असंच लिहिलं गेलं.

जेम्स औट्रम १८२५ मध्ये बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. खानदेशातल्या भिलांची पलटण उभी करायचं काम त्याच्याकडे आलं. पण या डोंगरांची राखण काही त्याच्यापासून सुरू झाली नाही. सातमाळा आणि सातपुड्यातले घाट त्याआधी कितीतरी पिढ्या भील नाईकांच्या ताब्यात होते. लमाणांचे तांडे, व्यापाऱ्यांचे बैल, यात्रेकरू घाटातून सुखरूप पार करून द्यायचे आणि त्याबद्दल हक्क घ्यायचा, ही रीत होती. गावची चोरी झाली तर माग काढून द्यायची जबाबदारीही त्यांचीच. मराठा राज्यकर्त्यांनीही हे हक्क पुष्कळ काळ मानले. मग १८०३-०४ चा दुष्काळ आला, होळकर-शिंद्यांच्या फौजांनी मुलूख तुडवला, गावं ओस पडली. गावच नाही तर राखणीचा हक्क द्यायचा कुणी? राखणदार डोंगरात गेले आणि तिथून खाली उतरले ते लुटायला. पेशव्यांचा सुभेदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ मध्ये कोपरगावला भिलांना बोलावून घेतलं, विश्वासघाताने पकडलं आणि त्यांतल्या बहुतेकांना विहिरींत ढकललं. ही आपल्या लोकांनी केलेली गोष्ट आहे, आणि ती इंग्रजांच्या माथी मारता येत नाही.

म्हणून १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा भिलांचा कुणावरच भरवसा नव्हता. कॅप्टन जॉन ब्रिग्जने आधी फौजा पाठवल्या, वाटा अडवल्या, काही नाईकांना तनखे दिले. डोंगर शांत झाला नाही. १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या धोरणाप्रमाणे तीन भील एजन्स्या नेमल्या गेल्या. दक्षिणेकडची एजन्सी आजच्या मराठवाड्यातल्या कन्नडला होती आणि तिथे कॅप्टन ओव्हान्स बसला. पुढे साताऱ्याचा रेसिडेंट होऊन छत्रपती प्रतापसिंहांच्या पदच्युतीत जो गाजला, तोच हा ओव्हान्स. एजंटाने जमिनी द्यायच्या, बैल-बियाण्याला तगाई द्यायची, जुने गुन्हे माफ करायचे आणि तंटे मिटवायचे. जे खाली येणार नाहीत त्यांच्यावर चालून जायला पलटण होतीच. तिचं मुख्य ठाणं धरणगावला होतं.

औट्रमला पहिले शिपाई मिळवताना फार सायास पडले. आपल्याला एका जागी गोळा करतात ते मारून टाकण्यासाठीच, अशी बोलवा होती. कोपरगावच्या विहिरी आठवल्या तर त्या भीतीला नाव ठेवायला जीभ रेटत नाही. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात बसला-उठला, आणि हळूहळू हात जमले. मग याच भिलांना डोंगरातल्या ठाण्यांवर नेमण्यात आलं. माणसं तीच होती आणि वाटही तीच होती. बदलला तो फक्त हक्क. पूर्वी राखणीचा हक्क बापाकडून मुलाकडे जायचा, आता तो महिन्याच्या पगारावर आला, आणि पगार साहेबाच्या मर्जीवर.

असंच चित्र पुढे पूर्व आशियात, तैवानच्या डोंगरात दिसतं. १८९५ पासून तिथे जपानचं राज्य होतं. अटायल आणि त्यांच्या शेजारच्या जमातींच्या मुलखाभोवती जपान्यांनी पहाऱ्याची रेषा आखली आणि काही ठिकाणी तिच्या तारांतून वीज सोडली. १९१० ते १९१४ या काळात गव्हर्नर साकुमाने मोहिमा काढून ही रेषा आत आत सरकवली. मग डोंगरवाटांवर ठराविक अंतराने पोलीस चौक्या आल्या. चौकीतला पोलीसच शाळा चालवी, औषध देई आणि देवघेवीचं दुकानही बघे. २७ ऑक्टोबर १९३० ला वुशे इथे शाळेच्या क्रीडादिनी सीडिक लोकांनी उठाव केला, त्यात १३४ जपानी मारले गेले. त्या वेळी जपानी सीडिकांना अटायलांतच गणत. दाकिस नोबिन हा सीडिक तरुण तिथे पोलिसात होता. जपान्यांनी त्याचं नाव हानाओका इचिरो ठेवलं होतं. उठावानंतर त्याने आत्महत्या केली.

दाकिस नोबिनबद्दल वाचताना मला सारखा खाज्या नाईक आठवत राहिला.

सेंधवा घाट मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. तिथल्या राखणीचं काम खाज्याच्या बापाकडे होतं, नंतर ते त्याच्याकडे आलं. जवळपास दोन दशकं त्याने इंग्रजांसाठी हा घाट सांभाळला. मग एका संशयिताला मारहाण झाली, तो मेला, आणि खाज्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पूर्वीच्या नाईकाने चोराला चोपणं ही घाटातली रीतच होती, पण आता तो सरकारी नोकर होता आणि कायदा साहेबाचा होता. मेलेल्या माणसाचा जीव मला हलका वाटत नाही. तरीही बाप-लेकांनी आयुष्यं घातलेलं काम असं एका निकालाने हातून जाणं ही लहान गोष्ट नव्हती. मुदतीआधी त्याला सोडलं, आणि १८५७ चा वणवा पेटताच इंग्रजांना पुन्हा त्याचीच गरज पडली. त्याला घाटावर परत घेतलं. थोड्याच दिवसांत तो उलटला. नोव्हेंबरमध्ये सेंधवा घाटात जामलीजवळ त्याच्या लोकांनी सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. घाटाचं वळण न् वळण ज्याला ठाऊक, त्याला अडवणार कोण? ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्यांपैकी कितीतरी जणांना गोळ्या घातल्या, बायकापोरांनाही कैद केलं. खाज्या निसटला, पण १८६० मध्ये फितुरीने मारला गेला.

नगरचा भागोजी नाईकही भीलच, आणि आधी पोलिसातला अंमलदार. त्यालाही शिक्षा झाली होती, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला होता. ४ ऑक्टोबर १८५७ ला नांदूर शिंगोट्याला त्याच्या लोकांनी पोलीस अधिकारी हेन्रीला ठार केलं. त्याला धरायला इंग्रजांनी काय केलं? कॅप्टन नटॉलकडून महादेव कोळ्यांची पलटण उभारली. म्हणजे डोंगरातल्या एका जमातीच्या माणसामागे दुसऱ्या जमातीची माणसं. ११ नोव्हेंबर १८५९ ला मिठसागरला भागोजी पडला.

आमच्या बीडकडे डोंगर आहे, पण तो वेगळा. बालाघाटाचं पठार घोड्याला सोयीचं, म्हणून इथे चौक्यांपेक्षा रिसाल्यावर भर होता. १८१८ मध्ये धर्माजी प्रतापरावाने बीड भागात बंड केलं, तेव्हा निजामाच्या नोकरीतल्या लेफ्टनंट सदरलँडने घोडदळ घालूनच ते मोडलं. पुढे आंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्च भागवायला १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांनी स्वतःकडे घेतला. राखणीच्या नावाखाली इथे मुलूखच गेला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी फौजेत घेतल्या गेल्या.

२०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने औट्रम घाटातून अवजड वाहनांना बंदी घातली. आता घाटाखालून बोगदा काढण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. झाला, तर त्यालाही नाव द्यावं लागेल. कन्नडच्या एजन्सीत नोंद झालेल्या, सातमाळ्याच्या ठाण्यांवर पावसा-थंडीत रात्री काढलेल्या भील शिपायांपैकी निदान एकाचं नाव दप्तरांतून शोधून काढावं, एवढी माझी मनापासून मागणी आहे.