संकलित संगणकीय भाषेतील जनरेटर फंक्शनची चाचणी : कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांच्या आधारे विवेचन

सारांश

मागणी होताच एकेक मूल्य देणाऱ्या आणि दोन मागण्यांच्या दरम्यान थांबून राहणाऱ्या फंक्शनला जनरेटर फंक्शन म्हणतात. अशा फंक्शनची चाचणी सर्वसाधारण फंक्शनप्रमाणे एक निविष्टी व एक उत्तर एवढ्यावर भागत नाही. प्रस्तुत लेखात सी++ ही संकलित भाषा आणि देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या संख्याविषयक कल्पना यांच्या साहाय्याने जनरेटरच्या चाचणीची अंगे स्पष्ट केली आहेत. पडद्यावर दिसणारी पहिली काही मूल्ये बरोबर असणे हा प्रोग्रॅम बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : जनरेटर फंक्शन, कोरूटीन, सॉफ्टवेअर चाचणी, स्वयंभू संख्या, सी++

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन बहुधा पडद्यावरील उत्तर पाहून केले जाते. दोन संख्यांची बेरीज, क्रमवारी लावणे, शोध घेणे अशा प्रोग्रॅमच्या बाबतीत ही पद्धत काही अंशी पुरेशी ठरते; कारण उत्तर एकच असते आणि ते एकदाच मिळते. परंतु ज्या फंक्शनचे उत्तर ही एक मालिका असते, कदाचित कधीही न संपणारी मालिका असते, तेथे परीक्षकाने नेमके काय पाहावे, हा प्रश्न निर्माण होतो. आधुनिक भाषांमध्ये अशा फंक्शनचा वापर वाढला असल्याने हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

२. जनरेटर फंक्शन : संकल्पना

साखर कारखान्याच्या परिसरातील वाचकांना ही कल्पना सहज समजेल. गाळप हंगामात उसाची वाहने आवारात उभी असतात. परंतु वजनकाट्यावर एका वेळी एकच वाहन येते. काटा मोकळा झाला की पुढचे वाहन बोलावले जाते. तोपर्यंत रांग आपल्या जागी थांबलेली असते आणि कोणाचा क्रमांक कितवा, हे ती विसरत नाही. सर्वसाधारण फंक्शन सर्व मूल्ये तयार करून एकदम परत देते. जनरेटर मात्र एक मूल्य देऊन थांबतो, आपली अवस्था जतन करतो आणि पुढील मागणी येताच थांबला होता तेथूनच काम सुरू करतो.

मध्येच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या उपकार्यक्रमाला कोरूटीन म्हणतात. मेल्विन कॉन्वे यांनी १९६३ साली कंपायलरच्या रचनेविषयीच्या शोधनिबंधात ही कल्पना मांडली. १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या क्लू या भाषेत एकेक मूल्य देणारे इटरेटर होते. पायथनच्या २.२ या आवृत्तीत २००१ साली आणि सी शार्पच्या २.० या आवृत्तीत २००५ साली ही सोय उपलब्ध झाली. सी++ मध्ये २०२० च्या प्रमाणकाने कोरूटीनची मूलभूत यंत्रणा दिली, तर सी++२३ या प्रमाणकाने तयार जनरेटर प्रमाण ग्रंथालयात समाविष्ट केला. जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, तो त्यासोबत मिळतो.

३. उदाहरणाची निवड : कापरेकरांच्या स्वयंभू संख्या

चाचणीसाठी असे उदाहरण हवे की ज्याचा नियम सोपा आहे, पण ज्याचा क्रम सहजासहजी अंदाजात सापडत नाही. डहाणू येथे जन्मलेले आणि नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक म्हणून सेवा केलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या कार्यात असे उदाहरण आढळते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले आणि त्यांचे काम जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या मिळते. उदाहरणार्थ, ४७ मध्ये ४ व ७ मिळवले असता ५८ मिळतात. ५८ पासून ७१, ७१ पासून ७९ आणि ७९ पासून ९५. येथे ४७ ही ५८ ची जनक संख्या होय. काही संख्यांना दोन जनक असतात : १०१ ही संख्या ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. ज्या संख्येला एकही जनक नाही, ती स्वयंभू संख्या. शंभरच्या आतील स्वयंभू संख्या पुढीलप्रमाणे आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. स्वयंभू संख्यांविषयीची कापरेकरांची पुस्तिका १९६३ सालचीच आहे. स्वयंभू संख्या अनंत असल्याने त्या क्रमाने देणारा जनरेटर कधीही संपत नाही.

४. पहिल्या मूल्यांवर विसंबण्याचा धोका

समजा, एका विद्यार्थ्याने वरील यादी पाहिली आणि २० पासून पुढे प्रत्येक वेळी ११ मिळवणारा जनरेटर लिहिला. त्याची पहिली चौदा मूल्ये, म्हणजे १०८ पर्यंतची सर्व, अचूक येतील. पंधरावे मूल्य तो ११९ देईल. प्रत्यक्षात १०९ मध्ये त्याच्या अंकांची बेरीज १० मिळवली की ११९ मिळतात, म्हणून ११९ स्वयंभू नाही. योग्य मूल्य ११० आहे. दहा मूल्ये पाहून गुण देणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून ही चूक निश्चितच सुटेल.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या संख्येचा जनक शोधताना तिच्या मागे किती अंतरापर्यंत पाहावे लागते? दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १८ असते, तर तीन अंकी संख्येची २७. एखाद्याने नेहमीच १८ पर्यंतच मागे पाहिले, तर त्याच्या जनरेटरची पहिली तेहतीस मूल्ये, २९९ पर्यंत, बरोबर येतात. चौतिसावे मूल्य मात्र ३०८ असे चुकीचे मिळते. कारण ३०८ चा एकमेव जनक २८९ हा तिच्यापेक्षा १९ ने लहान आहे. योग्य मूल्य ३१० होय. येथे विद्यार्थ्याला संकल्पना समजलेली आहे, प्रोग्रॅमची रचनाही योग्य आहे. केवळ एक मर्यादा चुकली आहे. अशी चूक उत्तरांची यादी नजरेखालून घालून सापडत नाही.

यावरील उपाय म्हणजे स्वतंत्र पद्धतीने काढलेल्या उत्तराशी तुलना करणे. दहा हजारांपर्यंतच्या सर्व संख्या घ्याव्यात, प्रत्येकीपासून मिळणाऱ्या संख्येवर खूण करावी आणि शेवटी खूण नसलेल्या संख्या वेगळ्या काढाव्यात. जनक नेहमी जन्य संख्येपेक्षा लहान असल्याने या मर्यादेत एकही स्वयंभू संख्या निसटत नाही. ही पद्धत जनरेटरच्या पद्धतीहून पूर्णतः भिन्न असल्याने दोन्हींत तीच चूक होण्याची शक्यता अल्प राहते. जनरेटरची आणि या चाळणीची यादी अंकन् अंक जुळली पाहिजे.

५. समाप्तीची चाचणी

स्वयंभू संख्यांचा जनरेटर अनंत आहे. परंतु अनेक जनरेटर सांत असतात आणि ते योग्य जागी थांबतात की नाही, हे तपासणे आवश्यक असते. कापरेकरांचाच ६१७४ हा स्थिरांक येथे उपयोगी पडतो. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून मोठ्या संख्येतून लहान वजा करीत गेल्यास, सर्व अंक समान नसतील तर, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. ३५२४ पासून ३०८७, ८३५२ आणि ६१७४ असा क्रम येतो.

आता १११२ ही संख्या घेऊ. २१११ मधून १११२ वजा केल्यास ०९९९ उरतात. पुढची वजाबाकी ९९९० उणे ०९९९ अशी व्हावयास हवी. तिच्यापासून ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा क्रम मिळतो. परंतु प्रोग्रॅमने डावीकडील शून्य गाळले, तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य येते आणि ६१७४ ची वाट पाहणारा जनरेटर अखंड शून्येच देत राहतो. अशा वेळी चाचणी अयशस्वी होत नाही, ती संपतच नाही. म्हणून जनरेटरच्या प्रत्येक चाचणीला मूल्यांच्या संख्येची कमाल मर्यादा घालणे अनिवार्य आहे. येथे ०००० ते ९९९९ या सर्व दहा हजार निविष्टी तपासणे संगणकाला सहज शक्य आहे : त्यांपैकी समान अंकांच्या दहा वगळता उरलेल्या ९,९९० निविष्टींनी सात पायऱ्यांच्या आत ६१७४ गाठलेच पाहिजे. ६१७४ हीच निविष्टी दिल्यास आणि समान अंकांची निविष्टी दिल्यास काय व्हावे, हे मात्र आधीच लिखित स्वरूपात ठरवलेले असावे.

मर्यादा घालतानाही सावधगिरी हवी. सी++ च्या प्रमाण ग्रंथालयातील ‘टेक’ या सोयीने जनरेटरकडून चौदा मूल्ये मागितली, तर चौदाव्यानंतर जनरेटर आणखी एकदा पुढे सरकवला जातो आणि पंधरावे मूल्य काढण्याचे काम होऊन जाते. पुढचे मूल्य अस्तित्वातच नसताना ते शोधत राहणारा जनरेटर येथे अडकून पडतो. चाचणीत साधे लूप वापरून, आवश्यक तेवढी मूल्ये मिळताच पुढे सरकण्यापूर्वी बाहेर पडणे अधिक सुरक्षित ठरते.

६. अवस्थेच्या स्वातंत्र्याची चाचणी

सी भाषेत जनरेटरची सोय नसल्याने फंक्शनची अवस्था स्टॅटिक चलात ठेवण्याची पद्धत रूढ होती. प्रमाण ग्रंथालयातील ‘स्ट्रटॉक’ हे फंक्शन याचे परिचित उदाहरण आहे. एका वाक्याचे तुकडे करताना मध्येच दुसऱ्या वाक्यासाठी त्याला बोलावले, तर पहिल्याची नोंद पुसली जाते. तीच सवय नव्या जनरेटरमध्ये आली, तर तोही एकट्याने चालवल्यास निर्दोष दिसतो आणि दुसरा जनरेटर सोबत असताना बिघडतो. म्हणून एकाच फंक्शनपासून दोन जनरेटर तयार करावेत, त्यांच्याकडून आळीपाळीने मूल्ये घ्यावीत आणि दोन्ही मालिका स्वतंत्रपणे पूर्ण मिळतात का, हे पाहावे.

७. संकलित भाषेतील विशेष अडचणी

सी++ मधील जनरेटर बोलावताक्षणी त्याच्या आतील एकही ओळ कार्यान्वित होत नाही. पहिले मूल्य मागितल्यावरच काम सुरू होते. परिणामी, चुकीची निविष्टी नाकारणारी तपासणी जनरेटरच्या आत लिहिलेली असेल, तर त्रुटीची सूचना फंक्शन बोलावल्याच्या जागी न मिळता नंतर, मूल्य मागितल्याच्या जागी मिळते. त्रुटी येते की नाही, यासोबतच ती केव्हा येते, हेही चाचणीने नोंदवावे.

याच विलंबातून गंभीर दोष उद्भवतो. जनरेटरला निविष्टी प्रतीच्या स्वरूपात दिली असेल, तर ती त्याच्या चौकटीत जतन होते. ती संदर्भाच्या स्वरूपात दिली असेल, तर केवळ संदर्भ जतन होतो. मूळ वस्तू तात्पुरती असेल, तर पहिले मूल्य मागेपर्यंत ती नष्ट झालेली असते आणि जनरेटर मोकळ्या झालेल्या मेमरीतून वाचू लागतो. अशा वर्तनाविषयी भाषेचे प्रमाणक कोणतीही हमी देत नाही. एखाद्या वेळी उत्तर बरोबरही येते. ऑप्टिमायझेशन चालू केले की तेच बदलते. म्हणून ऑप्टिमायझेशनशिवाय आणि ऑप्टिमायझेशनसह अशा दोन्ही प्रकारे प्रोग्रॅम संकलित करून चाचण्या घ्याव्यात आणि मेमरीचा गैरवापर पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरचे साहाय्य घ्यावे.

जनरेटर अर्ध्यावर सोडून देणे हाही त्याचा नेहमीचा वापर आहे. फाइलमधील नोंदी एकेक करून देणाऱ्या जनरेटरकडून तीनच नोंदी घेतल्या, तरी फाइल बंद झाली पाहिजे. जनरेटर नष्ट होताना त्याच्या चौकटीतील वस्तूंची विल्हेवाट सी++ आपोआप लावते. मात्र फाइल बंद करण्याचे काम फंक्शनच्या शेवटच्या ओळीवर सोपवले असेल, तर ती ओळ कधीच येत नाही. चाचणीत आपल्या निर्मितीची व नाशाची मोजदाद ठेवणारी वस्तू वापरल्यास हा दोष तत्काळ उघड होतो.

८. निष्कर्ष

१) जनरेटरच्या चाचणीपूर्वी मालिकेचा आरंभ, क्रम, समाप्ती आणि अपवाद लिखित स्वरूपात निश्चित करणे आवश्यक आहे.

२) मूल्यांची पडताळणी स्वतंत्र पद्धतीने मिळवलेल्या मालिकेशी करावी आणि अंकसंख्या बदलते अशा सीमा ओलांडून पुढे करावी.

३) प्रत्येक चाचणीला मर्यादा असावी, न संपणारी चाचणी ही अयशस्वी चाचणीच मानावी.

४) अवस्थेचे स्वातंत्र्य, त्रुटीची वेळ, निविष्टीचे आयुष्य आणि अर्ध्यावर सोडलेल्या जनरेटरची आवराआवर यांसाठी वेगळ्या चाचण्या लिहाव्यात.

५) प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याकडून प्रोग्रॅमसोबत त्याच्या चाचण्याही मागवाव्यात आणि त्यांना गुण द्यावेत.

चाचणीमुळे दोषांचे अस्तित्व सिद्ध करता येते, त्यांचा अभाव नव्हे, हे एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे मत प्रसिद्ध आहे. जनरेटरच्या बाबतीत त्याची प्रचीती अधिक तीव्रतेने येते. कारण तेहतीस मूल्यांपर्यंत लपून राहिलेला दोष चौतिसाव्या मूल्यावर प्रकट होऊ शकतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत तो एका गुणाचा प्रश्न असतो. तोच विद्यार्थी उद्या एखाद्या संस्थेची देयके किंवा वजनांच्या नोंदी हाताळणारा प्रोग्रॅम लिहील, तेव्हा त्या चौतिसाव्या नोंदीमागे एखाद्या व्यक्तीचे पैसे असतील. म्हणून उत्तर दाखवण्याइतकेच ते पडताळून दाखवणे हाही प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनाचा भाग मानला जाणे उचित ठरते.