पाणी मोजणं आणि पाणी पाहणं

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष आणि अनुमान या प्रमाणांबद्दल बोललो. आज तोच धागा एका तलावाच्या काठापर्यंत नेऊ या.

अमेरिकेत मिसुरी राज्यात टॉम सॉक नावाचा जलविद्युत प्रकल्प आहे. रात्री विजेची मागणी घटली की पंपांनी पाणी डोंगरावरच्या तलावात चढवायचं, दिवसा खाली सोडून वीज करायची. कारभार दुरून चाले. पातळी कशी कळायची? तळाजवळ, पाइपांत, दाबमापक होते. डोक्यावर जितकं पाणी, तितका दाब. म्हणजे पाणी कुणी पाहत नव्हतं. दाबावरून अनुमान चाललं होतं. धूर दिसला म्हणून अग्नी, तसंच हे!

पुढे पाइपांचे बंध सुटले. पाइप वाकले, मापक वर उचलले गेले आणि दाब कमी दिसू लागला. यंत्रणेच्या लेखी तलावात अजून जागा होती. पाणी टेकताच पंप थांबवणारे आणखी दोन संवेदक होते खरे, पण काठाचा जो भाग सगळ्यात खचला होता त्याहून ते उंचावर. 14 डिसेंबर 2005च्या पहाटे पाणी काठावरून वाहिलं, बांध फुटला. खालच्या उद्यानाच्या अधीक्षकांचं घर वाहून गेलं. नवरा-बायको, तीन मुलं. पाचही जण वाचले.

तिथे कॅमेऱ्यांचं जाळं असतं तर? भिंतीवर आकड्यांची पट्टी, समोर कॅमेरा, रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवा. कॅमेरा पट्टीवरची पाण्याची रेघ ओळखतो आणि एरवी नुसता आकडा पाठवतो. दाबमापकाशी मेळ बसला नाही की चित्र पाठवतो. आता कुणी म्हणेल, हे झालं प्रत्यक्ष. नाही हं. रेघेवरून पातळी काढणं हेही अनुमानच. धुकं येतं, कोळी भिंगावर जाळं विणतो (दिव्याला किडे येतात, त्यामुळे कोळ्यांना ती जागा फार आवडते). कॅमेराही चुकतो. पण पाइप ज्या कारणाने चुकतो त्या कारणाने कॅमेरा चुकत नाही, आणि दोघं एकाच वेळी एकाच बाजूला चुकणं अवघड. त्याचं मोल इथे आहे.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काठावरून पाणी सांडताना तिथल्या माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पातळीची मर्यादा थोडी खाली आणली गेली, पाइपांची दुरुस्ती पुढे ढकलली गेली, आणि पंप चालू राहिले.