उन्हातला जवळा, बरणीतली कोळंबी

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात ताजी कोळंबी मिळते. जवळा आणि सोडे मात्र सुकवलेले. मासळी टिकवायला कोकणाने उन्हावर भरवसा ठेवला. पाणी आटले की जिवाणूंची वाढ थांबते.

व्हिएतनामच्या ह्युए शहराने दुसरी वाट धरली. तिथल्या ‘तोम चुआ’साठी कोळंबी तांदळाच्या मद्यात धुतात आणि मीठ, लसूण, मिरची, गलांगल, शिजवलेला चिकट भात घालून बरणीत दाबून भरतात. भातातल्या पिष्टापासून मिळणाऱ्या साखरेवर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू पोसतात आणि कोळंबीला सुरेख आंबटपणा चढतो. इडलीचे पीठ आंबते तेही याच कुळातल्या जिवाणूंमुळे!

घरी करताना मिठात काटकसर नको. सामू ४.६ च्या खाली उतरेपर्यंत बोट्युलिझम या अन्नविषबाधेच्या जिवाणूला मीठच आवरून धरते, आणि त्याचे विष वासावरून ओळखता येत नाही.