षट्पदाचे पाय

कोल्हापुरांत बेंदूर जवळ आला म्हणजे कुंभारवाड्यांतून मातीचे बैल घरोघरीं येतात. ज्यांस शेत नाहीं, गोठा नाहीं, अशा आमच्यासारख्या शहरवासीयांच्या घरींही त्या दिवशीं मातीच्या बैलजोडीची पूजा होते. गेल्या बेंदरास आमच्या नातीनें अंगणांतील मातीचा एक मुंगळा केला आणि चार पाय लावून तो बैलांशेजारीं ठेविला. “अगं, मुंगळ्यास पाय सहा,” आम्ही म्हणालों. “मग उरलेले दोन कुठं लावूं, आजोबा?” तिनें विचारलें. भुंग्यास संस्कृतांत ‘षट्पद’ कां म्हणतात, हें ज्या आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितलें, त्या आम्हांस ते सहा पाय देहाच्या कोणत्या भागास जडलेले असतात हें सांगतां येईना!

लहान वस्तु मुलांच्या ध्यानांत येत नसेल, तर ती फळ्यावर मोठी काढून दाखवावी, हा शिक्षकांचा जुना उपाय आहे. डेव्हिड रॉजर्स या अमेरिकन शिल्पकारानें तोच बागेंत योजिला. १९९० नंतरच्या दशकापासून त्याचे महाकाय कीटक अमेरिकेंतील सार्वजनिक वनस्पति-उद्यानांतून मांडले गेले. २५ फूट लांबीच्या मुंग्या, पुढचे पाय जोडून उभा असलेला १८ फुटी प्रार्थनाकीटक, पंख पसरलेला चतुर. आणि साहित्य काय, तर उन्मळून पडलेलीं झाडें, वाळक्या फांद्या व वांकविलेल्या कोवळ्या डहाळ्या!

एवढी मुंगी जिवंत असती तर? हें गणित पालकांनीं मुलांकडून अवश्य करवून घ्यावें. पाव इंचाची मुंगी २५ फुटांची झाली, म्हणजे तिची लांबी १,२०० पट वाढली. तिच्या पायाच्या छेदाचें क्षेत्रफळ १,२०० च्या वर्गाप्रमाणें, म्हणजे १४ लक्ष ४० हजार पट वाढेल. वजन मात्र घनाप्रमाणें, म्हणजे १७२ कोटि ८० लक्ष पट. तात्पर्य, पायांच्या तेवढ्याच जागेवर पूर्वीच्या १,२०० पट भार पडून बिचारी उभीच राहूं शकणार नाहीं. शिवाय कीटकांस फुप्फुसें नसतात. अंगावरील छिद्रांतून शिरलेली हवा सूक्ष्म नळ्यांनीं देहभर पोंचते. लहान देहास ही योजना उत्तम, प्रचंड देहास अपुरी. म्हणून हत्तीहून मोठी मुंगी लांकडाचीच असूं शकते.

मग आम्ही आजोबा-नात भिंग घेऊन तुळशीवृंदावनापाशीं बसलों. मुंगळ्याच्या देहाचे तीन भाग दिसले: डोकें, मध्यभाग व पोट. सहाही पाय मधल्या भागासच. पोटास एकही नाहीं. (कोळ्यास आठ पाय असतात, म्हणून शास्त्र त्यास कीटकांत गणीत नाहीं.) साठी उलटल्यावर ‘षट्पद’ या शब्दाचा अर्थ आम्हीं प्रथमच डोळ्यांनीं वाचला!

आमच्या कोल्हापुरांतही हा प्रयोग कां होऊं नये? टाउन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या काळांत उभी राहिली. तिच्या सभोंवतीं बाग आहे. पावसाळ्यांत पडलेल्या फांद्या जाळून टाकण्याऐवजीं शाळांतील मुलांनीं त्या काथ्यानें बांधून तेथें एक प्रचंड मुंगी उभारावी. दोन-तीन पावसाळ्यांत ती कुजून जाईल, पण त्याचें वैषम्य नको. मातीचा गणपतिही आपण पाण्यांतच पोंचवितों. मात्र बांधावयास घेण्यापूर्वीं प्रत्येक मुलानें खरी मुंगी निरखलेली असावी. जिचे पाय आपण एकदां मोजले, तिच्यावर पाय देववत नाहीं.

नातीनें मुंगळ्याचे चारही पाय काढून टाकले, नवे सहा वळले व मधल्या भागास लाविले. सायंकाळीं तो पुन्हां बैलांशेजारीं उभा राहिला. आम्हीं त्यासही हळदकुंकू वाहिलें.