फट बुजवण्यापूर्वी

सुट्या भागांच्या संचातून आम्ही गिटार बनवत होतो. ऐन उन्हाळ्यात तिच्या वरच्या, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या स्प्रूस लाकडाच्या फळीला उभी चीर गेली. गोंद भरून टाकावा, असे आधी वाटले. पण लाकूड सुकताना तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. कडा घट्ट चिकटवलेल्या. म्हणून ताणलेली फळी तंतूंलगत उकलली. चीर तशीच बुजवली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरणार नाही. म्हणून भोके पाडलेल्या डबीत ओला स्पंज घालून ती आम्ही गिटारच्या पोटात ठेवली व तोंड झाकले. काही दिवसांत चीर मिटली. मगच गोंद जिरवला, दिवसभर दाबून ठेवले आणि आतून, तंतू चिरीला आडवे येतील अशी, लाकडी ठिगळे लावली. पावसाळ्यात दार का अडते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. चिरीचे उत्तर त्यातच आहे.